गोल टाकीतले दोन इंच

किसन, चूक माझी होती. भर बाजारात, आमच्या दुकानापुढे, मी तुला पेट्रोलचोर म्हटलं. रागाच्या भरात तोंडून निघून गेलं असतं तर निदान रागावर तरी ढकलता आलं असतं. मी शांत होतो. हातात वही होती, वहीत मैल आणि इंच लिहिलेले होते, आणि ते मी मोठ्याने वाचून दाखवले. आकडे सगळे खरे होते. म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला.

परवा तुझी तेरवी झाली. आसेगावहून परत येताना तू चालवायचास त्याच उतारूंच्या सर्व्हिस मोटारीत बसलो होतो. नव्या ड्रायव्हरने मला पुढची जागा दिली नाही, त्याला काय ठाऊक. मागे, बोचक्यांमध्ये बसून आलो आणि वाटेत ठरवलं की तुझ्याशी जे बोलायचं आहे ते लिहून काढावं. तू वाचणार नाहीस. जिवंत असतास तरी वाचलं नसतंस, म्हणाला असतास, "भाऊ, तुमीच वाचून दाखवा, पन लवकर, गाडी सुटाची वेळ झाली."

बापूजींनी ती मोटार घेतली तेव्हा आपण दोघंही तिशीच्या अलीकडे-पलीकडे होतो. बापूजी म्हणजे माझे वडील, कारंज्याला धान्याची आणि कापसाची अडत करायचे. तू आसेगावच्या शेतकऱ्याचा तिसरा मुलगा, जिनिंगमध्ये इंजिनावर काम करून तेलकट झालेला. मोटार अमेरिकन, पण दुसऱ्याने वापरलेली. कापडी टप, पितळी दिवे, आणि सुरू करायला पुढून हँडल मारावं लागायचं. तिला पेट्रोल दाखवणारा काटा नव्हता. टाकी पुढच्या बैठकीखाली होती. किती पेट्रोल उरलं हे पाहायचं असेल तर बसलेल्या माणसांनी उठायचं, गादी उचलायची, झाकण काढायचं आणि काठी बुडवायची.

आणि पुढे बसायचे बापूजी. त्यांचं वजन गावाला माहीत होतं.

"बापूजी, उठा जी जरासे. पेट्रोल पाह्यतो."

"अबे, आत्ताच तं पाह्यलं मंगरुळात!"

"तवापासून मोटार चालूनच राह्यली ना जी. उपाशी थोडी चालन?"

"दोन बोटं पेट्रोलासाठी मले उठवते. माह्या लग्नात मी एवढ्या खेपा उठलो नोयतो."

तू हसू दाबून काठी बुडवायचास, वर काढून पटकन पाहायचास, कारण उन्हात पेट्रोलचा ओला पट्टा बघता बघता उडून जायचा. मग म्हणायचास, "पुरते." किंवा "पुरत नाई." एवढंच. तुझं 'पुरते' म्हणजे मोटार घरी पोचायचीच. मला आठवतं त्याप्रमाणे ते एकदाही चुकलं नाही, आणि हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते, कारण माझं चुकलेलं मला आठवतं.

मानोऱ्याच्या रस्त्यावरची ती चढण तुला आठवते का? तुला आठवत असे, कारण प्रत्येक वेळी तू ती नव्याने सांगायचास आणि बापूजींचं वजन थोडं वाढवायचास. टाकीत पेट्रोल कमी होतं. इंजिन पुढे, टाकी बैठकीखाली. चढावर मोटारीचं नाक वर झालं की इंजिन टाकीपेक्षा उंच जायचं आणि पेट्रोल तिथवर पोचायचंच नाही. मोटार अर्ध्या चढावर खोकली आणि थांबली. मी बोटांवर हिशोब करून म्हणालो की अजून दोन गॅलन असायला पाहिजेत. तू म्हणालास, "आहेत ना. पन ते आपल्या बुडाखाली आहेत, इंजिनाच्या तोंडात नाईत." मग तू मोटार उलटी फिरवलीस आणि रिव्हर्समध्ये चढवायला लागलास. नाक उताराकडे, पाठ चढाकडे. आता टाकी वर आणि इंजिन खाली, पेट्रोल सरसर येत होतं. बापूजी पुढे तोंड करून बसलेले, आणि रस्ता त्यांच्यापासून दूर दूर चाललेला. तांड्यावरच्या बाया मोळ्या घेऊन येत होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या.

"शेटजी, घरी काही भुललं का? वापस चालले!"

बापूजी म्हणाले, "या किसनले विचारा वं. मी तं मानोऱ्याले चाललो होतो."

बाया एवढ्या हसल्या की एकीची मोळी खाली पडली. वर पोचल्यावर बापूजींनी मोटार थांबवायला लावली, उतरले, आणि आपण तिघांनी रस्त्याच्या कडेला बसून डब्यातले धपाटे खाल्ले. तुला त्यांनी स्वतःच्या हाताने लोणचं वाढलं. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळी मोजायला लावल्या तर ती मी पहिल्यांदा मोजीन.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की मोटारीचा नीट अभ्यास करायचा. मी अमरावतीला मॅट्रिक झालेला माणूस. मोटारीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की ती गॅलनला वीस मैल जाते. मी टाकी मोजली, नऊ इंच खोल. पुस्तकात पाहिलं, नऊ गॅलनची. मला कोण आनंद झाला! नऊ इंच, नऊ गॅलन. म्हणजे इंचाला एक गॅलन. मी तुझी काठी बाजूला ठेवली आणि शाळेची फूटपट्टी बुडवायला सुरुवात केली.

तुझी काठी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. बांबूची चिरफळी, तेल पिऊन काळी झालेली. तिच्यावर तू चाकूने खाचा पाडल्या होत्यास. मधल्या खाचा जवळ जवळ, वरच्या आणि खालच्या लांब लांब. मी विचारलं, "या अशा वेड्यावाकड्या काहून?" तू म्हणालास, "जशा आल्या तशा पाडल्या जी. रिकाम्या टाकीत अर्धा अर्धा डबा ओतला अन् दरखेपी एक खाच मारली." मला वाटलं, अडाणी माणसाचं काम, हात थरथरला असेल.

वही मी दोन वर्षं ठेवली. निघताना किती इंच, पोचल्यावर किती इंच, मैलाचे दगड किती. मी बरोबर असलो की मोटार चार इंचांत पंच्याहत्तर मैल जायची. इंचाला जवळजवळ एकोणीस मैल. पुस्तकातल्या विसाच्या किती जवळ! मी ते आकडे बापूजींना दाखवायचो आणि ते, "वा वा," म्हणून पान लावायला घ्यायचे.

पण मूर्तिजापूरच्या खेपा वेगळ्या यायच्या. पेट्रोल आपण तिकडून आणायचो. टाकी तळाला आली, दोन इंच उरलं, की तू कापसाचे नमुने आणि टपाल घेऊन एकटा निघायचास, वीस मैल जायचास, तिथे टाकी काठोकाठ भरायचास आणि वीस मैल परत यायचास. मी आल्यावर मोजायचो. जाताना दोन इंच खलास. येताना भरलेल्या टाकीतून पुन्हा दोन इंच कमी. चार इंच, आणि मैल फक्त चाळीस. एकदा नाही, दर खेपेला. माझ्यासमोर चार इंचांत पंच्याहत्तर, माझ्यामागे चार इंचांत चाळीस. दर खेपेला दोन इंच गायब. म्हणजे माझ्या हिशोबाने दोन गॅलन.

मी सहा खेपा गप्प राहून लिहिलं. पुरावा गोळा करत होतो. तू रोज माझ्याशी हसून बोलत होतास आणि मी वहीत तुझ्याविरुद्ध लिहीत होतो. ते सहा आठवडे मला त्या बाजारच्या दिवसापेक्षाही जास्त टोचतात.

मग तो बाजार. गाड्या सुटलेल्या, हमाल, शेतकरी, पलीकडच्या दुकानांतली माणसं. तू मोटार उभी करून उतरलास, मी गादी उचलून पट्टी बुडवली आणि सर्वांदेखत वही उघडली.

"किसन, माह्यासंगं मोटार चार इंचांत पंच्याहत्तर मैल जाते. तू एकटा गेला की चाळीस. काहून?"

तू जरा विचार केलास. तुला प्रश्न खरोखरच विचारला असं वाटलं होतं.

"टाकी गोल आहे ना भाऊ."

"गोल असो नाईतर चौकोनी, इंच तो इंच."

"नाई जी. तळाचा इंच बारका असते, वरचाबी बारका. मधला जाडा असते."

सगळा बाजार हसला. आमचा एक हमाल म्हणाला, "इंच जाडा-बारका असते का बे? तुह्या घरचा आहे का इंच?"

मीही हसलो. मग म्हणालो, "दोन इंच कुठं गेले ते सांग. चोरून विकले का कोणाले पाजले?"

तेव्हा तुला कळलं की हा प्रश्न नाही. तुझा चेहरा मी पाहिला आणि तरी वही मिटली नाही. तू मोटारीचं हँडल काढलंस, धोतराच्या सोग्याने पुसलंस, आमच्या ओट्यावर ठेवलंस आणि बाजारातून चालत गेलास. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ दोनइंच्या!"

ते नाव तुला चिकटलं. माझ्या तोंडच्या दोन शब्दांचं नाव झालं.

रात्री जेवताना बापूजी म्हणाले, "शांती, वही तुही खरी असन. पन मानूस खोटा नाई." मी त्यांना आकडे पुन्हा समजावून सांगितले. ते म्हणाले, "मले समजले रे आकडे," आणि हात धुवायला उठले.

पुढे दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याच्याही मूर्तिजापूरच्या खेपांत दोन इंच जायचे. किसन, तेव्हा तरी मला उमजायला हवं होतं की नाही? मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ड्रायव्हर सगळे सारखेच. त्यालाही काढला आणि स्वतः चालवायला शिकलो. स्वतः मूर्तिजापूरला गेलो, तेव्हा दोन इंच माझ्याहातूनही गेले, आणि मी ते माझ्या कच्च्या हाताच्या माथी मारले. मनुष्याला चुकीचंच राहायचं असलं की तो किती कष्ट घेतो!

तुला मात्र कुणी मोटार देईना. मंगरुळपीरला सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून राहिलास, ज्याने मोटार चालवायची तो मोटार धूत होता. टपावर सामान चढवायचास. दोन वर्षांनी त्यांचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून चाक पुन्हा तुझ्या हाती आलं. पण मोटार स्टँडवर नाव तेच. "दोनइंच्या, चहा पाज." "दोनइंच्या, तोंडाचा वास घेऊ दे, पेट्रोल पेऊन आला का?" तू म्हणायचास, "पेलो ना, म्हणून तं पयत राह्यलो." लोक हसायचे. मी त्या मोटारीत चढायचो नेमकं तेव्हाच कुणीतरी ते नाव घ्यायचं, आणि तू माझ्याकडे न पाहता म्हणायचास, "शांतीभाऊ, पुढं या. इथं हवा चांगली लागते."

ही पुढची जागा तू मला का द्यायचास, हे मी कधी विचारलं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं. कदाचित तुला मोटारीविषयी बोलायला कुणीतरी हवं होतं आणि त्या भागात तेवढा वेळ या विषयात घालवणारा दुसरा वेडा नव्हता.

काय काय वाद घातले आपण! तुझं म्हणणं, सकाळच्या थंड्यात भरलेलं पेट्रोल दुपारच्या पेट्रोलपेक्षा लांब जातं. मी म्हणायचो, गॅलन तो गॅलन. तू डोळे मिचकावून विचारायचास, "इंच तो इंच, तसंच का?" आणि मी खिडकीबाहेर पाहायचो. तुझं म्हणणं, रिकामी मोटार भरलेल्या मोटारीपेक्षा जास्त पेट्रोल खाते, कारण ती उड्या मारते. यावर मी शेवटपर्यंत तुझं ऐकलं नाही आणि आजही ऐकत नाही. वजन कमी तर खर्च कमी, एवढं तरी पुस्तकातलं माझ्याकडे राहू दे. उतारावर इंजिन बंद करून मोटार सोडायची की नाही, हा वाद तर अर्धाच राहिला. तू बंद करायचास आणि मी जीव मुठीत धरून ब्रेककडे पाहत बसायचो. "पाहा भाऊ, हा अर्धा कोस फुकट," म्हणून तू असा खूश व्हायचास की जणू सरकारकडून काढून घेतलाय.

काळ्या मातीवर पहिला चिखल झाला की मोटार निम्म्या मैलांवर येते, हे तू शिकवलंस. चाकांतली हवा कमी असेल तर मोटार जास्त पिते, हेही. टपावर पोती आडवी न रचता उभी रचली तर वारा अडतो आणि मैल घटतात. स्टँडवर थांबलेल्या मोटारीचं इंजिन चालू ठेवणाऱ्यांना तू शिव्या द्यायचास: "एका जागी उभी राहून पेते अन् मैल शून्य! सासुरवाडीले आलेला जवाई आहे का?" हे सगळं माझ्या त्या इंग्रजी पुस्तकात नव्हतं. पुस्तकातली मोटार कधी चिखलात गेलीच नव्हती.

मग युद्ध आलं. पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं. तुमच्या सर्व्हिस मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली. तू मला म्हणालास, "आता काठी नाई, इंच नाई. कोळशाचं एक पोतं म्हंजे कारंजा ते मानोरा. पोत्याले कोनी गोल म्हनत नाई अन् चौकोनी म्हनत नाई." आणि असा खदखदून हसलास की कोळशाने काळ्या झालेल्या तोंडात फक्त दात दिसले.

आमची मोटार कोठ्यात उभी होती. बापूजी तोवर गेले होते. एकदा कुपनावर चार गॅलन मिळाले. टाकी कोरडी ठणठणीत. एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून मी मापाने एक एक गॅलन ओतला आणि प्रत्येक गॅलननंतर पट्टी बुडवली. पहिल्या गॅलनला पट्टी दीड इंच भिजली. मला वाटलं, माप चुकलं. दुसऱ्याला जेमतेम एक इंच वाढली. तिसऱ्याला पाऊण. चौथ्याला पुन्हा पाऊण. मी पट्टी हातात धरून उभा राहिलो. आडव्या गोल टाकीचा तळ अरुंद, पोट रुंद, माथा अरुंद. तळाच्या इंचात अर्धा गॅलन, पोटातल्या इंचात सव्वा. मी नेहमी पोटात मोजत आलो. तळ आणि माथा तुझ्या वाट्याला. मोटार तुझ्या हाती आणि माझ्या हाती तेवढीच जात होती, गॅलनला चौदा-पंधरा मैल, आपल्या रस्त्यांवर जेवढी जायची तेवढीच. आणि तुझ्या काठीवरच्या वेड्यावाकड्या खाचा एकूण एक बरोबर होत्या.

आमच्या हिने दारातून विचारलं, "काय झालं? साप निघाला का?"

मी तिला सांगितलं. तिने टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे किसनभाऊनं काहीच केलं नोयतं?"

"नाई."

"मंग जा ना. आजच जा."

मी म्हणालो, उद्या जातो. उद्या गेलो नाही. तू आता चांगला कामाला लागलास, जुनं कशाला उकरायचं, असं मनाला सांगितलं. तू माझ्यावर रागावलेला दिसत नाहीस, मग माफी कशाची. बापूजी असते तर त्यांच्यासमोर गेलो असतो. एकेक कारण मी वहीतल्या आकड्यासारखं नीट मांडून ठेवलं. चार वर्षं मी तुझ्या शेजारी, पुढच्या जागेवर बसून प्रवास केला, मला ठाऊक असताना. कुणी दोनइंच्या म्हणालं की मी खिडकीबाहेर पाहायचो, पूर्वीसारखाच. पूर्वी मला खात्री होती म्हणून. नंतर मला खात्री होती म्हणूनच.

या पावसाळ्यानंतर मोटारीवर तू दिसेनास. कळलं की छातीचं दुखणं आहे, आसेगावला घरी पडून आहेस. मी आलो. तू बाजेवर टेकून बसला होतास, अंगावर घोंगडी. वहिनींनी चहा ठेवला. तू पहिली गोष्ट विचारलीस ती ही: "रस्ता कसा आहे? मंगरुळाच्या पुढचे खड्डे बुजवले का?"

मी चहा संपायच्या आत बोलून टाकलं. टाकी गोल होती, माझं चुकलं, तू बरोबर होतास. मी पाठ करून आलो होतो, पण पाठ केलेलं तिसऱ्या वाक्यालाच विसरलो.

तू चहाचा कप खाली ठेवलास. मग विचारलंस, "कवा समजलं भाऊ?"

आणि किसन, मी म्हणालो, "आत्ता. परवाच."

तू मान हलवलीस. तुला पटलं की नाही मला माहीत नाही. तू म्हणालास, "मले इथं काहून सांगून राह्यले? घरच्याले तं ठाऊकच होतं. तुमी म्हटलं ते बजारात म्हटलं होतं." तुझा आवाज वाढला नव्हता. गाडीच्या स्प्रिंगचं एखादं पान निखळलं आहे हे सांगावं तसं सांगितलंस. मग वहिनींना हाक मारून म्हणालास, "भाऊले अजून चहा दे. ते लांबून आले."

तिथून निघालो तो हलका झालो नव्हतो. एक चूक कबूल करताना मी दुसरी करून आलो होतो, तीही आजारी माणसाच्या बाजेपाशी.

दोन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी तू औषधासाठी कारंज्याला आलास. मोटार स्टँडवर बाकावर बसला होतास, अंगाने निम्मा झालेला, भोवती ड्रायव्हर-क्लीनर जमलेले. "दोनइंच्या वापस आला!" म्हणून सगळे खुशीत होते. खरंच खुशीत होते, प्रेमाने म्हणत होते, तेच तर वाईट. मी दुकानातून तसाच उठलो. हमाल मागून ओरडला, "मालक, कुठं?" मी सांगितलं, "तूबी चाल." इंच तुझ्या घरचा आहे का विचारणारा तोच हमाल होता तो.

स्टँडवर मी मोटारीच्या पायरीवर चढलो. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी सुरुवात केली की टाकीचा आकार आडव्या पिंपासारखा असला म्हणजे तळाच्या इंचात आणि मधल्या इंचात... एक क्लीनर जांभई देऊन म्हणाला, "शांतीभाऊ, शाळा कवा सुटते?" लोक हसले. तूही हसलास, खोकला येईपर्यंत, आणि म्हणालास, "भाऊ, गाडी सुटाची वेळ झाली जी. थोडक्यात सांगा."

मग मी थोडक्यात सांगितलं.

"ऐका सारे जन. याच बजारात मी या मानसाले चोर म्हटलं होतं. यानं एक थेंबबी घेतला नाई. मोजता मले आलं नाई, याले येत होतं. दोनइंच्या हे नाव माह्या खोटेपनाचं आहे, आजपासून कोनाले म्हनायचं असन तं मले म्हना." हसणं थांबलं. तू माझ्याकडे पाहत होतास. पायरीवरून मी खाली उतरलो, कारण पुढचं वाक्य वरून बोलायचं नव्हतं. बाकापाशी येऊन मी तुझ्यासमोर हात जोडले.

"अन् किसन, मी तुले परवा समजलं म्हटलं, तेबी खोटं होतं. चार वर्षं झाले मले समजून. रोज तुह्या बाजूले बसून गेलो अन् बोललो नाई. मले माफ कर."